घरामागे ११५ मीटर: बेडफर्डच्या थीम पार्कला हरकत घ्यावी का? (२०२५ मधला धागा)

विक्सॅम्सकर

मंडळी, सल्ला हवाय. जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या.

तीन वर्षांपूर्वी आम्ही इंग्लंडमधल्या बेडफर्डच्या दक्षिणेला विक्सॅम्समध्ये घर घेतलं. नवी वसाहत, तळी, समोर मोकळं आभाळ. एजंटने रेल्वे स्टेशन 'येतच आहे' म्हणून सांगितलं होतं, ते अजून येतच आहे. आणि एप्रिल २०२५ मध्ये पंतप्रधान स्टार्मर यांनी जाहीर केलं की आमच्या पलीकडे केम्पस्टन हार्डविकला, जुन्या वीटभट्ट्यांच्या ४७६ एकरांवर, युनिव्हर्सलचा थीम पार्क होणार. २०३१ मध्ये उघडणार. पहिल्याच वर्षी ८५ लाख लोक येतील म्हणे. शिवाय ५०० खोल्यांचं हॉटेल.

आता प्रस्तावाचे कागद बाहेर आलेत. सगळं काही वाचलेलं नाही, पण एक आकडा डोक्यातून जात नाही: काही बांधकामं ११५ मीटरपर्यंत उंच असू शकतात. आमच्या वरच्या खोलीतून कार्डिंग्टनच्या दोन अवाढव्य शेड दिसतात, जिथे आर-१०१ नावाचं उडतं जहाज बांधलं होतं. लांबून गाडीने येणाऱ्याला गावाच्या आधी त्या दिसतात. त्यांची उंची साधारण ५५ मीटर. म्हणजे एकीवर दुसरी ठेवली तरी हे वरून डोकावणार. रोलर कोस्टरच असेल ना एवढं उंच? दुसरं काय असणार?

घरात दोन पक्ष पडलेत. आठ वर्षांची लेक नाचतेय. बायको म्हणते घराची किंमत वाढेल, मी म्हणतो उतरेल. आई सहा महिन्यांसाठी आलीय, ती म्हणाली, "म्हणजे जत्रा बारा महिने भरणार म्हण की."

हरकत घ्यावी का? घ्यायची तर कुठे? कौन्सिलच्या (म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या) पोर्टलवर तासभर शोधलं, प्रकल्पाचा अर्जच सापडत नाही.

मिरचीभजी

शेजारी शेकडो एकर पडीक माळ दिसत असताना घर घेतलंत, तेव्हा तिथे कायम ससे बागडतील असं वाटलं होतं का? विकास सगळ्यांना हवा, फक्त शेजारच्या आळीत हवा.

(पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.)

कागदीघोडा

मी एका कौन्सिलात प्लॅनिंगमध्ये, म्हणजे बांधकाम-परवानग्यांच्या खात्यात, काम करतो (बेडफर्डच्या नाही), म्हणून थोडं सविस्तर.

विक्सॅम्सकर, तुम्ही चुकीच्या खिडकीपुढे रांग लावलीत. अर्ज पोर्टलवर सापडत नाही कारण निर्णय बेडफर्ड बरो कौन्सिलच्या हातात नाहीच. हे प्रकरण 'स्पेशल डेव्हलपमेंट ऑर्डर'च्या वाटेने चाललंय. टाउन अँड कंट्री प्लॅनिंग कायदा १९९०, कलम ५९: मंत्री थेट हुकूम काढून परवानगी देऊ शकतो. ब्रेक्झिटच्या वेळी लॉऱ्या तपासायला तळ उभे केले ते याच वाटेने. त्यामुळे नेहमीचा खेळ इथे नाही. समितीची बैठक, हरकतदाराची तीन मिनिटं, मागच्या रांगेतून कोणीतरी "शेम" ओरडणं, यातलं काही होणार नाही. कौन्सिल फक्त आपलं मत कळवणार, आणि तिथले महापौर तर उघडपणे प्रकल्पाच्या बाजूने आहेत. तुमचं पत्र जायला हवं ते गृहनिर्माण मंत्रालयाला.

दुसरं, घराची किंमत. वाढो वा उतरो, प्लॅनिंगच्या कायद्यात तिला वजन नाही. खिडकीतून दिसणारं दृश्य गेलं, यालाही नाही. पत्रात हे दोन मुद्दे पहिल्या परिच्छेदात आले की वाचणारा मनातल्या मनात पत्र बाजूला ठेवतो. मी ठेवायचो. आवाज, रहदारी, उजेड, पूर, निसर्ग, एवढ्यांवर बोला.

मिरचीभजी, 'तू नंतर आलास, आता सोस' हा बचाव इथल्या कोर्टात चालत नाही. १८७९ चा एक प्रसिद्ध खटला आहे. लंडनमध्ये एक मिठाईवाला वीस वर्षांहून जास्त काळ मोठ्या खलबत्त्यात कुटत होता. शेजारच्या डॉक्टरने नंतर त्या भिंतीला लागून तपासणीची खोली बांधली आणि तक्रार केली की धडधडीत मला छातीचे ठोके ऐकू येत नाहीत. डॉक्टर जिंकला! २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सफोकमधल्या मोटार शर्यतींच्या मैदानाबाबत तेच पुन्हा सांगितलं, आणि वर हेही की प्लॅनिंगची परवानगी आहे एवढ्यावरून उपद्रव माफ होत नाही.

मिरचीभजी

खलबत्त्याबद्दल धन्यवाद. आता आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनींना हा खटला पाठवतो.

स्टोकचा_डॉक्टर

मीही डॉक्टर, पण छातीचे ठोके व्यवस्थित ऐकू येतात.

स्टोकला येऊन सतरा वर्षं झाली. इथून ऑल्टन टॉवर्स हा थीम पार्क अर्ध्या तासावर. या विषयात तिथल्या गावांची दोन पिढ्यांची तपश्चर्या आहे. पार्क एका जुन्या सरदारी वाड्याच्या आवारात आहे, आजूबाजूला दऱ्या, गर्द झाडी, आणि पलीकडच्या चढावर फार्ली नावाचं चिमुकलं गाव. तिथल्या एका जोडप्याने आवाजाविरुद्ध कोर्ट गाठलं. कौन्सिलने काही करायची वाट न बघता, पर्यावरण संरक्षण कायदा १९९० च्या कलम ८२ खाली, थेट मॅजिस्ट्रेटकडे. साध्या नागरिकाला तसा हक्क आहे, हे माझ्या ओळखीच्या निम्म्या इंग्रजांनाही माहीत नव्हतं. २००४ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. पार्क चालवणाऱ्या कंपनीला ५,००० पौंड दंड, आणि आवाजावर बंधनं. अपिलं होत होत प्रकरण २००७ मध्ये हायकोर्टापर्यंत गेलं.

दंड म्हणजे त्यांच्या दृष्टीने चहापाणी. पण आवाज मोजायचा तर कुठे उभं राहून मोजायचा, हा खरा प्रश्न. पार्कच्या कुंपणाशी मोजलं तर एक उत्तर येतं, तक्रारदाराच्या घराशी मोजलं तर दुसरं. विक्सॅम्सकर, सगळं सोडा, एवढं धरून ठेवा.

उलटापालटा

आला आला, माझा धागा आला!

कबुली आधी: मी रोलर कोस्टरवेडा आहे, १४३ वेगवेगळ्या कोस्टरवर बसलोय, त्यामुळे माझं मत पक्षपाती धरावं.

डॉक्टरसाहेबांनी ऑल्टनचं नाव काढलं पण मुख्य गोष्ट राहिली. तिथे अलिखित-लिखित नियम असा की झाडांच्या शेंड्यांवर काही दिसता कामा नये. मग जॉन वॉर्डली या डिझायनरने काय केलं? वर जाता येत नाही ना, खाली जाऊ! सुरुंग लावून खडक फोडला, दरी केली, आणि १९९४ मध्ये त्यात नेमेसिस हा कोस्टर बसवला. जमिनीपासून उंची फक्त १३ मीटर, पण उतार ३० मीटरांच्या वर. पाय लोंबकळत खडकाच्या भिंतीजवळून जाता तेव्हा वेग दुप्पट वाटतो. मोकळ्या माळावर तोच ट्रॅक बांधला असता तर निम्मी मजा गेली असती. १९९८ चा ऑब्लिव्हियन तसाच: उंची २० मीटर, घसरण ५५, उरलेली सगळी जमिनीतल्या काळ्या भोकात. जगात नाव झालं ते शेजाऱ्यांच्या कटकटीमुळे, असं मी प्रामाणिकपणे मानतो. ज्या पार्कांना कोणी अडवलं नाही त्यांनी नुसते उंच खांब रोवले.

जाता जाता, नेमेसिस बनवणारी स्वित्झर्लंडची कंपनी आणि आपल्या खोपोलीच्या इमॅजिकातला नायट्रो बनवणारी कंपनी एकच. नायट्रोला पाय खाली मोकळे असतात, आठवतंय ना?

विक्सॅम्सकर

उलटापालटा, मग आमच्याकडेही खाली जा की! वीटभट्ट्यांनी खणलेले खड्डे आयते पडलेत.

उलटापालटा

त्यातल्या बऱ्याच खड्ड्यांत आता पाणी आहे हो. पाणबुडी कोस्टर अजून निघाला नाही.

कागदीघोडा

आणि त्या पाण्यात आता पक्षी, उभयचर, वनस्पती आहेत ज्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कायदेशीर संरक्षण आहे. ग्रेट क्रेस्टेड न्यूट नावाचा, पालीसारखा दिसणारा एक उभयचर इथे अख्खी वसाहत अडवू शकतो.

डॉक्टरांच्या मुद्द्यावर थोडं. ध्वनी-अहवालात बहुतेक वेळा सरासरी पातळी देतात, म्हणजे पंधरा मिनिटांत किंवा तासाभरात आलेला आवाज एकसारखा पसरून काढलेला आकडा. रस्त्याच्या घरघरीला ते ठीक आहे. पण कोस्टर घरघरत नाही. दीड-दोन मिनिटं शांतता, मग खडखडाट आणि वीस-तीस जणांची एकदम किंकाळी, पुन्हा शांतता. सरासरीत किंकाळी विरघळून जाते, झोपलेल्या पोराच्या कानात विरघळत नाही. म्हणून हरकतीत म्हणा: सरासरीबरोबर कमाल पातळीचीही मर्यादा घाला.

अंतराचं साधं गणित: एका ठिकाणाहून येणारा आवाज अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबलने उतरतो. पण उंचावरून आला तर मधली घरं, बांध, झाडं आडवी येत नाहीत. ११५ मीटरचा खरा त्रास दिसण्यापेक्षा हा आहे. ट्रॅकच्या पोकळ पोलादात वाळू भरली की गडगडाट बराच दबतो, हे जुनं तंत्र आहे. किंकाळीत मात्र वाळू भरता येत नाही.

पाणीदार

मी स्टेन्सजवळ राहते. आमच्या बाजूला थॉर्प पार्क आहे, म्हणजे वाळू-खडीच्या जुन्या खाणी, त्यात पाणी सोडलेलं, आणि १९७९ पासून पार्क. तिथला हायपेरिया हा कोस्टर २४ मे २०२४ ला सुरू झाला, ७२ मीटर, सध्या ब्रिटनमधला सगळ्यात उंच. त्याचा अर्ज रनिमीड कौन्सिलकडे रीतसर गेला होता, त्यामुळे फाईल कोणालाही वाचता येत होती. मी वाचली, कारण २०१४ च्या फेब्रुवारीत थेम्सचं पाणी चर्टसी, स्टेन्सच्या घरांत शिरलं होतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबलं. तेव्हापासून मी 'पूर' हा शब्द दिसला की वाचते.

सगळी बोंब उंचीवरून होती. मला प्रश्न वेगळाच पडला होता: पूरक्षेत्रात भर घातली की तेवढं पाणी मावायला दुसरीकडे जागा करून द्यावी लागते, ती कुठे करणार? शिवाय जागा ग्रीन बेल्टमधली, म्हणजे शहराभोवती मोकळा ठेवायच्या पट्ट्यातली. तिथे बांधायचं तर 'अगदी खास परिस्थिती' आहे असं पटवावं लागतं. पार्क म्हणणार रोजगार, पर्यटन, देशातला सगळ्यात उंच. कौन्सिलला पटलं. मीही शेवटी हरकत घेतली नाही, दोन प्रश्न लेखी विचारले.

एक मात्र डोक्यात गेलं. त्या फाईलवर समर्थनाची ढीगभर पत्रं पडली होती, आणि लिहिणारे राहतात कुठे तर कुठेही, फक्त आमच्याकडे सोडून! वर्षातून एकदा किंचाळायला येणाऱ्याने माझ्या पाण्यावर मत द्यायचं?

उलटापालटा

...एक पत्र माझं होतं. लेस्टरहून.

पाणीदार

अच्छा, म्हणजे तो तूच!

उलटापालटा

क्षमस्व. पण फायली आम्ही तुमच्यापेक्षा बारकाईने वाचतो हेही मान्य करा. पार्कवाले नाव गुपित ठेवतात, 'प्रोजेक्ट अमुक' म्हणतात, आणि कौन्सिलच्या पोर्टलवर उंचीचे नकाशे, ट्रॅकचे छेद, सगळं पडलेलं असतं. आमचे लोक त्यावरून सहा महिने आधी कॉम्प्युटरवर अख्खा कोस्टर चालवून दाखवतात. बेडफर्डचं दुःख हेच की त्या कागदांत उंचीची मर्यादा आहे, कोस्टर नाही. ११५ मीटर म्हणजे कोस्टर, मनोरा की आणखी काही, ते आज सांगायला ते बांधील नाहीत.

कागदीघोडा

हे बरोबर आहे, आणि महत्त्वाचं आहे. विक्सॅम्सकर, तुम्ही धाग्याच्या सुरुवातीला 'रोलर कोस्टरच असेल ना' म्हणालात. ते कागदात नाही. कोणीच अजून न काढलेल्या चित्राशी तुम्ही भांडताय. एवढ्या उंचीची जागा तुमच्या घरापासून किती दूर, तेवढं विचारा.

गार्गी_ग्लासगो

कितीजण विरोधात आहेत याला काही अर्थ असतो का? आमच्याकडे स्कॉटलंडमध्ये लॉक लोमंड तळ्याच्या काठी, बॅलॉकला, थीम पार्क चालवणाऱ्याच एका कंपनीला रिसॉर्ट बांधायचंय. लाखाच्या वर हरकती गेल्या. सप्टेंबर २०२४ मध्ये नॅशनल पार्कच्या मंडळाने एकमताने नाही म्हटलं. कंपनी अपिलात गेली, आणि मे २०२५ मध्ये अपील ऐकणाऱ्या अधिकाऱ्याने 'परवानगी द्यायचा विचार आहे' म्हणून कळवलं! मग आरडाओरडा झाल्यावर सरकारने प्रकरण स्वतःकडे घेतलं. तिथे झुला-पाळणाही नाही फारसा, लॉज आणि मोनोरेल आहे, तरी ही गत.

कागदीघोडा

मतदान नसतं ते. एकाच मजकुराची दहा हजार पत्रं म्हणजे वाचणाऱ्याच्या लेखी एक पत्र. एक नवा मुद्दा असलेलं एकच पत्र असेल, तर त्याला उत्तर लिहावं लागतं. कोणीतरी बसून लिहावं लागतं, हे मी अनुभवाने सांगतो, बहुतेक शुक्रवारी संध्याकाळी.

भट्टीवाला_आजोबा

मुलांनो, मी बेडफर्डला १९७६ साली आलो. चाळीस-एक वर्षं इथे काढली, आता मुलीकडे लेस्टरला असतो. तुम्ही 'पडीक माळ' म्हणताय तो कधीच पडीक नव्हता.

स्टुअर्टबीची वीटभट्टी एके काळी जगातली सगळ्यात मोठी. इथल्या मातीत मुळातच इतका जळाऊ अंश की वीट निम्मी आपल्याच अंगच्या जाळावर भाजते, कोळसा थोडका लागतो. म्हणून विटा स्वस्त, म्हणून निम्मं लंडन या मातीचं. दुसऱ्या महायुद्धानंतर माणसं मिळेनात तेव्हा इटलीच्या दक्षिणेतून गावंच्या गावं आणली, मग आपले पंजाबी आले. बेडफर्डला आज जी चांगली कॉफी मिळते ती त्या विटांची. मी भट्टीत नव्हतो, हिशेबनीस होतो, पण संध्याकाळी वारा फिरला की सगळ्यांच्या नाकात तोच गंधकाचा वास. दोरीवरचे कपडे पुन्हा धुवायचे. त्यावर कोणी ध्वनी-अहवाल की वास-अहवाल मागितला नव्हता.

२००८ ला भट्टी बंद झाली, धुरातल्या गंधकाची मर्यादा पाळता येईना म्हणून. धुराड्यांतलं एक तरी आठवण म्हणून ठेवा असं लोक म्हणत होते. २०२१ च्या सप्टेंबरात उरलेली चारही पाडली. मी व्हिडिओवर बघितलं. खाली बसली ती अशी, जणू गुडघे दुखत होते.

आणि विक्सॅम्सकर, तुमची वसाहत ज्या जागेवर आहे तिथे युद्धात बाँबमध्ये दारू ठासायचा कारखाना होता. आवाजाचं म्हणाल तर ती जागा पहिल्यापासूनच बेताची.

माझा विरोध नाही. सरकार २८,००० नोकऱ्या म्हणतंय, त्यातल्या वीस हजार बांधकामापुरत्या, कायमच्या आठ हजार, हे लक्षात ठेवून आनंद मानावा. त्या आठ हजारांत बेडफर्डची पोरं किती, हे कोणी कागदावर मागितलंय का?

मिरचीभजी

आजोबा, दंडवत. मी माझा पहिला प्रतिसाद मागे घेतो. निम्मा.

खोपोलीचा_खंडू

आमच्याकडे सांगडेवाडीला इमॅजिका २०१३ ला उघडलं. आवाजाबद्दल कोणी विचारल्याचं आठवत नाही. रविवारी पाली रस्त्याला गाड्या किती, एवढंच गावाला कळतं. हरकती-सूचना मागवल्याची जाहिरात आपल्याकडे पेपरात मुंगीच्या अक्षरात येते, वाचेपर्यंत मुदत संपते. तुम्ही लोक डेसिबलवर भांडताय हे वाचून हेवा वाटला. चिडून नाही, खरंच.

पाणीदार

खंडू, रहदारीचा मुद्दा इथेही खरा तोच आहे. बेडफर्डवाल्यांनी ए-४२१ रस्ता आणि एम-१ महामार्गाचं तेरावं जंक्शन बघावं. आणि केम्पस्टन हार्डविकला मॅनर रोडवर रेल्वेचं फाटक आहे ना? ८५ लाख लोक आणि एक फाटक!

विक्सॅम्सकर

सर्वांचे आभार. आजोबा, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. तिने विचारलं, हे गृहस्थ कुठल्या गावचे? (सांगलीकडचे असाल तर ती ओळख काढणारच.)

काल बायकोने आणि मी बसून पत्र लिहिलं. विरोध नाही, असं पहिल्याच ओळीत लिहिलं, कारण लेक खांद्यावरून वाचत होती. किंमत आणि देखावा खोडला. उरलं ते असं: ११५ मीटरची परवानगी कुठल्या पट्ट्यात आहे ते नकाशावर दाखवा आणि विक्सॅम्सकडच्या बाजूला ती उतरती ठेवा. आवाज आमच्या वसाहतीच्या कडेला मोजा, पार्कच्या कुंपणाशी नको. सरासरी आणि कमाल दोन्ही. आणि मोजणारा पार्कच्या पगारावरचा नसावा. रात्री किती वाजता शेवटची फेरी, ते हुकुमातच लिहा. स्टेशन पार्क उघडण्याआधी चालू झालं पाहिजे. स्थानिक भरतीचा आकडा लेखी द्या. फाटकाचा मुद्दा पाणीदार यांच्याकडून उसना.

कागदीघोडा, काही राहिलं का?

कागदीघोडा

चांगलं झालंय. एकच: आजची शांतता मोजून ठेवा. २०३२ मध्ये तुम्ही म्हणाल आवाज वाढला, ते म्हणतील रेल्वेचा आहे. फोनवरचं ॲप कोर्टात चालणार नाही, पण दिवस, वेळ, वारा कुठून होता, अशी नोंदवही असली तर पुढे तज्ज्ञाला सुरुवात करायला बरं पडतं.

विक्सॅम्सकर

नोंदवहीचं काम आईने घेतलंय. बागेत खुर्ची टाकून बसते, फोनवर डेसिबल बघते आणि पंचांगाच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहिते. पहिल्या दिवसाच्या नोंदी जशाच्या तशा देतो:

"सकाळी ७, कबुतरं, ४१. लंडनची गाडी गेली, ६३. शेजारी गवत कापतो, ७४. दुपारी काही नाही, ३८, डुलकी लागली. संध्याकाळी सूनबाईचा कुकर, दार उघडं, ८१."

बायकोने ही वही मंत्रालयाला जोडायला सक्त मनाई केली आहे.